वस्तीच्या नावावर आलेला कॉम्प्युटर

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तो आमच्या गरिबीमुळे, हे आधीच सांगून टाकते. पुढे संस्थेच्या भाषणांतून दूरदृष्टी वगैरे शब्द फार ऐकले. दूरदृष्टी कसली डोंबलाची. संस्थेच्या नाशकात दोन शाळा. मोठी गंगापूर रोडच्या अंगाला, बंगल्यांच्या मधोमध, तिथे डॉक्टर-वकिलांची मुलं. धाकटी आमची, नासर्डीच्या काठाला, पत्र्यांच्या घरांना खेटून. ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल नसेल, सरकारची एक योजना निघाली की शाळांना कॉम्प्युटर द्यायचे. मागास वस्तीतली शाळा दाखवली तर काम लवकर होईल असं कोणीतरी सांगितलं असावं, कारण संस्थेला एकदम आमची आठवण झाली. दर पावसाळ्यात आमचे वर्ग गळायचे तेव्हा ही आठवण कुठे जात असे कोण जाणे.

मी त्या शाळेत गणित शिकवत होते. कायम नव्हते. एप्रिल संपला की घरी बसवायचं आणि जूनमध्ये निरोप धाडून परत बोलवायचं, अशी माझी नोकरी. मी वस्तीतलीच. आई बिड्या वळायची, आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका तेच करायच्या, आणि मी बी.एस्सी. झाले तेव्हा विहारात पेढे वाटले गेले होते. शाळेत मात्र स्टाफरूममध्ये माझी खुर्ची दाराजवळची, जिच्यावर कोणी बसायला मागत नसे ती.

कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर कोणीतरी आधी पुण्याला जाऊन तो शिकून यायला हवं होतं, तेही ऐन मे महिन्यात. एकाच्या घरी मुंज निघाली, दुसऱ्याची पाठ धरली, तिसऱ्या बाईंच्या नणंदेचं लग्न. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाई मोकळ्याच आहेत, असं ठरलं. पंचविशी उलटून लग्न न झालेल्या बाईला तेव्हा मोकळी म्हणायची पद्धत होती. म्हटलं, मोकळी तर मोकळी, जाते.

पुण्याच्या त्या वर्गात पहिल्यांदा बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षर उमटलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की शेजारच्या सरांना वाटलं मला बरं वाटत नाहीये. खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी असं भेटलं होतं ज्याने आडनाव विचारलं नाही. चुकलं तर चुकलं म्हणायचं, बरोबर असलं तर उत्तर द्यायचं. बस्स. मी ठरवून टाकलं की आमच्या पोरींना याच्यासमोर बसवायचंच.

जुलैत टेम्पोतून खोकी आली. बटणांची पाटी आणि आतलं यंत्र एकाच पेटीत, त्याला जोडायला टीव्हीसारखा पडदा, आणि केलेलं काम साठवायला गाणी ऐकायचा असतो तसला कॅसेट रेकॉर्डर. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, ती खोकी बघूनच पांढरे पडले. माणूस वाईट नव्हता. पण घाबरट किती असावं माणसाने. संस्थेला घाबरायचे, तपासनिसाला घाबरायचे, पाऊस आला की पावसाला घाबरायचे. त्यांचं म्हणणं असं की मुलांना खिडकीतून दाखवावा, ओळीने. मी म्हटलं, सर, हा प्राणिसंग्रहालयातला वाघ आहे का? बरंच भांडण झालं. शेवटी नववीला आठवड्यातून दोन तास मिळाले, मी समोर उभी असेन या अटीवर.

यंत्र एक आणि वर्गात पोरं पन्नासच्या वर. एकेकाची पाळी येईपर्यंत दिवाळी आली असती. म्हणून मी सगळा वर्ग मैदानात काढला. एकेकाच्या हातात पाटी दिली. ही पाटी म्हणजे यंत्राच्या डोक्यातला एक कप्पा, सांगितलं की त्यावरचा आकडा पुसायचा आणि नवा लिहायचा, मनाने काही करायचं नाही. एकजण हुकूम वाचणार, बाकीचे पाळणार. अमुक आकडा होईपर्यंत तेच तेच परत कर, हा हुकूम शिकवायला पुण्याच्या सरांनी आमच्यापुढे अर्धा तास फळा भरला होता. मी आमच्या पोरींना एवढंच विचारलं की घरी बिड्या कशा बांधता. एक वळली, दोन वळल्या, पंचवीस झाल्या की कट्टा बांधायचा आणि परत एकपासून. झालं. वर्ग खदखदून हसला, कारण त्यांना वाटलं होतं बाई काहीतरी अवघड शिकवणार आहेत.

त्यात एक मुलगी होती. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायची, सकाळी आईबरोबर बिड्या आणि दुपारी शाळा. बोलायची फारच कमी, पण बोटं अशी चालायची की यंत्राला दम लागावा. बटणांकडे न बघता पडद्याकडे बघत टाइप करायला मला तीन आठवडे लागले होते, तिला काहीच लागलं नाही. बिडी वळताना हाताकडे कोण बघतं? एकदा तिने आपल्या मनाने एक प्रोग्राम लिहिला, पाढे विचारणारा. चुकीचं उत्तर दिलं तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'परत कर' असं यायचं. माझी बोलायची ढबच तिने त्यात घातली होती, कार्टीने. मी रागावायचं नाटक केलं आणि बाहेर जाऊन पोटभर हसले.

मग दसरा आला. आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन असायचं. त्या वर्षी पाट्यांच्या मधोमध कॉम्प्युटर मांडला, आंब्याचा डहाळा, झेंडूची माळ, उदबत्ती, सगळा थाट. संस्थेचे सेक्रेटरी मुद्दाम पूजेला आले. आमच्या शाळेत ते एरवी झेंडावंदनालाही येत नसत. त्यांनी पेटीला हळदकुंकू वाहिलं, लग्नात टाकतात तशा मूठमूठ अक्षता टाकल्या आणि 'संगणकयुग' या विषयावर भाषण केलं. मोठ्या सरांनी नारळ फोडला तोही तिथेच, पाणी उडेल म्हणून मी आडवी गेले तर मला बाजूला व्हायला सांगितलं. तबक सगळ्या शिक्षकांसमोर फिरलं, माझ्यासमोर आलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, मला ते नकोच होतं. मला फक्त ती बटणांची पाटी झाकायची होती, आणि तेवढंही करू दिलं नाही.

दसऱ्यानंतर सहामाही परीक्षा आणि मग दिवाळीची सुट्टी, तोवर यंत्राला कोणी हात लावला नाही. सुट्टी संपून वर्ग भरले. कॉम्प्युटर लावला तर निम्मी बटणं बसलेली. काही दाबली जाईनात, काही दाबली की वर येईनात. मोठ्या सरांना घाम फुटला. सुट्टीआधी शेवटी कोण बसलं होतं, त्यांनी विचारलं. बसली होती तीच मुलगी. आणि या घाबरट माणसाने, वरून विचारणा होईल या भीतीने, भर वर्गात तिला उभं केलं. पुढे सेक्रेटरींना कळवलं तेव्हा त्यांनी निदान केलं की बिड्या वळणारे हात, त्यांना नाजूक वस्तूची काय सवय. हे मला मोठ्या सरांनीच येऊन सांगितलं, खाली मान घालून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या आईने त्याच हातांनी बिड्या वळून मला शिकवलं होतं.

मुलगी शाळेत यायची बंद झाली. मी घरी गेले तर ती सूप मांडीवर घेऊन बसलेली. तिची आई म्हणाली, राहू द्या बाई, उगाच पोलिसबिलिस आले म्हणजे. आम्हाला नाय पाहिजे तो कॉम्प्युटर. मी म्हटलं, मला पाहिजे. मुलीने मान वर केली नाही, हात चालूच होते. म्हणाली, "बाई, मी नाही मोडलं."

"माहितीये," मी म्हटलं. "उद्या शाळेत ये. तुझ्यासमोर उघडते."

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी यायचे होतेच, पाहणीला. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन तयार होते आणि मुलीला शेजारी उभं केलं होतं. मोठे सर म्हणत होते, बाई, परवानगीशिवाय उघडू नका, मी म्हटलं परवानगी देणारे आलेत ना समोर. पेटी उलटी केली तशी आत काहीतरी खुळखुळलं. स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि टेबलावर तांदूळ सांडले. लाल झालेले तांदूळ. बटणांच्या खाली कुंकवाचा थर, हळदीचा थर, एकीकडे नारळाचं पाणी वाळून चिकट झालेलं. त्या मुलीने एक दाणा उचलला, बघितला आणि परत टेबलावर ठेवला.

मी म्हटलं, "साहेब, बिड्यांत तांदूळ घालत नाहीत."

वाटलं होतं, आता तरी हा माणूस या पोरीकडे बघून एक शब्द बोलेल. माफी मागेल अशी अपेक्षा नव्हती, मी काही दुधखुळी नव्हते. पण काहीतरी. सेक्रेटरींनी चष्मा पुसला. म्हणाले, असो, पूजा ही श्रद्धेची गोष्ट आहे, झालं ते झालं. मात्र यंत्र नाजूक आहे, इथली धूळ, इथला ओलावा, इथली एकंदर परिस्थिती बघता ते मोठ्या शाळेत हलवणं बरं. तिथे खोलीला फरशी आहे, पंखा आहे. सोमवारी टेम्पो येईल. आमच्या मुलांना महिन्यातून एकदा तिकडे सहल म्हणून न्यायला हरकत नाही, असंही म्हणाले. सहल. वस्तीच्या नावावर यंत्र आणायचं आणि वस्तीतल्या पोरांना ते बघायला सहलीने न्यायचं. ते ऐकताना मला आठवत होतं की ही बोलणी सुरू झाली होती ती बटणं मोडली म्हणून. बटणं तर मी त्याच संध्याकाळी ब्रशने आणि स्पिरिटने साफ केली, एक सोडून सगळी चालू झाली. पण खरं कारण बटणं नव्हतंच कधी.

घरी जाऊन मी रडले. रागाने रडू येतं ते फार वाईट. आई टेंभुर्णीची ओली पत्ती घेऊन वळत बसली होती, तिने सगळं ऐकून घेतलं, हात न थांबवता. मला तिचाही राग आला. मी म्हटलं, तुला काहीच वाटत नाही का? तर म्हणाली, पत्ती वाळतीये, बाजूला हो.

सोमवारी मी शाळेत पोचले तर कॉम्प्युटरच्या खोलीपुढचा व्हरांडा बायकांनी भरलेला. आमच्या गल्लीतल्या, पलीकडच्या मुसलमान मोहल्ल्यातल्या, त्या मुलीची आई, आणि मधोमध माझी आई. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पत्ती. घोषणा नाही, फलक नाही, काही नाही. बिड्या वळत बसल्या होत्या. मी पहिलं काय बोलले असेन तर, अगं दाराला खेटून बसू नका, तंबाखूची धूळ यंत्रात जाईल. आई म्हणाली, आली मोठी शहाणी. पण सरकल्या सगळ्या जरा.

टेम्पो आला. टेम्पोवाल्याने बायकांच्या रांगेकडे बघितलं, बिडी मागून घेतली, ओढली आणि फाटकाशी जाऊन बसला. मोठ्या सरांनी निरोप धाडला तसे सेक्रेटरी स्कूटरवरून आले. आधी गोड बोलले. ताई, ही शाळा आहे, कारखाना नाही. बायका म्हणाल्या, हो, शाळाच आहे, आमचीच पोरं शिकतात. मग आवाज चढला. मग पोलिसांचं नाव निघालं. एक म्हातारी म्हणाली, बोलवा की, त्यांची पण पोरं आमच्या बिड्या ओढतात. सगळ्या हसल्या. माझी आई तेवढी हसली नाही. तिने हातातली बिडी पुरी केली, दोरा बांधला, आणि मग वर बघितलं.

"साहेब, आणताना आमच्या नावावर आणलंत. आता आमच्या अंगावरनं न्या."

अंगावरून न्यायची कोणाची टाप नव्हती. टेम्पो रिकामा गेला. दोन दिवसांनी परत आला, बायका परत बसल्या. त्यांचं काम काही बुडत नव्हतं, घरी वळायच्या ते इथे वळत होत्या, उलट सावली बरी म्हणत होत्या. त्या आठवड्यात व्हरांड्यातून वाट काढत पोरं तासाला आत जात होती आणि आया बाहेरून आत डोकावून बघत होत्या. त्या मुलीच्या आईने पडद्यावर आपल्या लेकीने लिहिलेलं नाव बघितलं, लेकीचं नव्हे, आईचं स्वतःचं नाव. वाचता येत नव्हतं तिला. कोणीतरी सांगितलं, हे तुझं. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

मग सेक्रेटरींनी मला मोठ्या शाळेत बोलावलं. त्यांच्या खोलीत खरंच चांगली फरशी होती. बसा म्हणाले नाहीत. शांतपणे म्हणाले, यंत्र राहू दे तुमच्याकडे, आम्हाला तमाशा नको. पण तुमची जागा हंगामी आहे, जूनपासून आम्हाला तुमची गरज नाही. आणि मग हसत, अगदी समजुतीच्या सुरात, पुढचंही बोलून टाकलं. शिकवणारं कोणी नसलं की यंत्र पडून राहणार, पडून राहिलं की वर्षभरात आपोआप इकडे येणार. बायका काय जन्मभर बसणार आहेत का. तुम्हीच त्यांना समजवा, म्हणजे तुमचं जूनचंही बघता येईल.

घरात माझाच पगार, आईचे डोळे अधू व्हायला लागलेले. कोणी म्हणेल, क्षणभर तरी विचार केला असशील. केला. त्याच्या टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत केला. मग म्हटलं, "चालेल. यंत्र राहू दे." आणि नमस्कार न करता बाहेर पडले.

तिथून एप्रिलपर्यंत मी शिकवलं असं म्हणताच येणार नाही. मी वर्गात शेवटच्या बाकावर बसायचे आणि तोंड बंद ठेवायचे. माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं ते माझं मला माहीत. नववीच्या पोरींनी आठवीला शिकवायचं, असं लावून दिलं. त्या मुलीला मी फळ्यापुढे उभी केली. पहिल्या दिवशी तिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचला नाही. आठवीतली थोराड पोरं टिंगल करायला लागली, ती माझ्याकडे बघायला लागली, मी खिडकीबाहेर बघत बसले. कसाई म्हणा मला हवं तर. ती रडली, घरी गेली, दुसऱ्या दिवशी परत आली. फेब्रुवारीत एका टिंगल करणाऱ्याला तिने वर्गाबाहेर काढलं तेव्हा मी मनात शिट्टी वाजवली. तार सैल झाली तर कुठली, कॅसेट अडकली तर काय करायचं, लाईट जाऊन आली तर आधी काय बंद करायचं, हे सगळं पोरींच्या हाती आलं. एक मेलेलं बटण तिनेच जुन्या रबराचा तुकडा घालून जिवंत केलं. मी बघत बसले.

एप्रिलच्या शेवटी घरी बसले ती कायमची. पुढे सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात चिकटले, कॉम्प्युटर येतो म्हणूनच घेतलं त्यांनी मला. पण त्या जूनमध्ये शाळेची घंटा घरात ऐकू यायची आणि मला जेवण जायचं नाही. शिकवणं सुटलं याचं दुःख मला आजही आहे, आणि ज्याने ते सोडायला लावलं त्याचा रागही तसाच आहे, जरासुद्धा कमी झालेला नाही. तो कमी करायला सांगणारेही भेटतात. त्यांना मी चहा पाजते आणि वाटेला लावते.

जुलैत एका संध्याकाळी मोठे सर आमच्या घरी आले. पत्र्याच्या घरात आयुष्यात पहिल्यांदा आले असावेत, कुठे बसावं कळेना. आईने पोतं झटकून दिलं त्यावर बसले. म्हणाले, सेक्रेटरी आज न सांगता आले होते. मी म्हटलं, धूळ बघायला आले असतील. हो, म्हणाले, तसंच वाटलं. सरळ कॉम्प्युटरच्या खोलीकडे गेले, दार लोटलेलं होतं, त्यांनी ढकललं. आत आठवीचा तास चालू होता. कोणी शिक्षक नाही. ती मुलगी, आता दहावीतली, शिकवत होती.

"ती दाराशी आली," मोठे सर म्हणाले. "म्हणाली, सर, आमचा तास चालू आहे. बाहेर थांबा."

आईचे हात थांबले. मी विचारलं, तुम्ही काय केलंत? ते म्हणाले, मी माझ्या खोलीतून ऐकत होतो, उठलो नाही. आणि हे सांगताना त्या घाबरट माणसाच्या तोंडावर असं काही हसू आलं की मला ते नवीनच होतं.

"मग? सेक्रेटरी?"

"थांबले," मोठे सर म्हणाले. "घंटा होईपर्यंत."